एकवी आणि दोनवा

टोकावड्याच्या फाट्यावर आमचं हॉटेल होतं. हॉटेल हा शब्द आमचा. बघणाऱ्याला तिथे कुडाच्या तीन भिंती, पुढे काढलेलं पत्र्याचं छप्पर, दोन लांब बाकडी आणि भज्यांची एक काळी कढई एवढंच दिसायचं. मागे एक दार, आणि दाराच्या आत आमचं घर. मुरबाडहून घाटाकडे जाणारी एसटी आमच्यासमोर थांबायची. लांबच्या वळणावर तिचा आवाज बदलायचा, तो ऐकला की आई पिठातला कांदा तेलात सोडायची, आणि उतारू खाली उतरून अंग मोकळं करेपर्यंत पहिला घाणा ताटात पडलेला असायचा. बाबा चहाच्या स्टोव्हपाशी. शाळेतून आले की मी ग्लास विसळायला. लावणी-कापणीच्या दिवसांत हॉटेलच्या तोंडाला नुसती एक फळी आडवी लावायची आणि सगळ्यांनी खाचरात उतरायचं. घरात तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, सुकटीची चटणी. दुपारची उरलेली भजी संध्याकाळच्या कालवणात पडायची. ती फुगून मऊ झालेली भजी मला अजूनही ताज्या भज्यांपेक्षा जास्त आवडतात. माझी सून हे ऐकून नाक मुरडते.

आई बोलकी होती. उतारूंशी बोलायची, कंडक्टरशी बोलायची, कोणी नसलं तर कढईशी बोलायची. कोण माणूस जवळच्या वैशाखऱ्याचा, कोण घाटावरचा, हे ती दोन वाक्यांत ओळखायची आणि त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलायची. बाबा मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे आमच्या घरातला सगळा आवाज म्हणजे आई. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काय गेलं ते कळणार नाही.

हे लिहायचं मी पुष्कळ टाळलं. आता वय झालं, थोडं लिहिलं की मान धरते, आणि जुनं आठवायचं म्हणजे जड गोणी पुन्हा उचलल्यासारखं होतं. पण त्या दिवसांतली आता मी एकटीच उरले आहे, सुरेश सोडला तर, आणि सुरेशला त्यातलं काही आठवत नाही.

सुरेश म्हणजे माझा भाऊ. माझ्यानंतर बरीच वर्षं आईला मूल नव्हतं, मग तो झाला. तो रांगता असताना आईला ताप आला. साधा ताप म्हणून काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण ती बरळायला लागली आणि मग बरळायचीही थांबली. बाबांनी तिला ट्रकमधून कल्याणच्या दवाखान्यात नेलं. मेंदूला सूज आली होती. कितीतरी दिवस ती तिथे होती. त्या दिवसांत माझी ताराआत्या, बाबांची धाकटी बहीण, आसनगावहून येऊन राहिली. तिनं सुरेशला सांभाळलं, मला भाकरी थापायला शिकवलं, आईला घरी आणल्यावर अंथरुणात न्हाऊ घातलं, चमच्यानं पेज भरवली. पुढे जे झालं त्यात आत्या वाईट दिसेल, म्हणून हेही सांगून ठेवते. आईचा जीव डॉक्टरांनी वाचवला, पण तिला माणसात आणलं ते आत्यानं.

आई उठली, चालू लागली. हात पूर्वीसारखेच चालायचे. कांदा चिरायची तर तसाच बारीक. पण शब्द गेले होते. सगळे नाही, पण पुष्कळ नावं गेली होती. माझं नाव गेलं, सुरेशचं गेलं, विळी, झारा, काडेपेटी सगळं गेलं. ती वस्तूकडे बघायची, ओठ हलवायची आणि डोळ्यांत नुसती कळ. मग एक दिवस चुलीपाशी बसून तिनं मला म्हटलं, "पेटवणी दे."

मी गोंधळले. तिनं काडी ओढल्यासारखा हात केला. मी काडेपेटी दिली. ती इतकी खूश झाली की तिनं काडेपेटी छातीशी धरली. चाळणी, गाळणी, किसणी हे शब्द तिच्याजवळ कसे कोण जाणे राहिले होते. त्यांच्याकडे बघून तिनं बाकीचे करायला घेतले. विळीला चिरणी. झाऱ्याला तळणी. सुपाला पाखडणी. आकडे तिला येत होते, पण पहिली, दुसरा हे गेलं होतं. पाचवा, सहावा, सातवा मात्र शिल्लक होते. त्यांच्यावरून मी एकवी झाले आणि सुरेश दोनवा. "एकवी, दोनव्याला घे," असं ती म्हणायची, आणि थोड्याच दिवसांत मला कुसुम म्हणून हाक मारली तर मागे वळायला उशीर व्हायचा.

क्रियापदांचंही तेच. बसला, उठला, पडला हे तिला नीट यायचं. पण केला, आला, दिला, मेला असे जे शब्द वाकडी वाट धरतात, ते तिनं सरळ करून टाकले. करला. येला. देला. मरला. "बाबा बाजारातून येला काय?" "मी भाकरी करली." गंमत अशी की 'सांगितला'चं तिनं 'सांगला' केलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आमच्या गावात सगळेच सांगला म्हणत. शाळेत गुरुजी त्यावर लाल रेघ ओढायचे आणि घरी आल्यावर तोच शब्द आम्ही दिवसभर बोलायचो. म्हणजे आईच्या ज्या चुका गाव आधीच करून बसलं होतं, त्या चुका नव्हत्या. ज्या तिच्या एकटीच्या होत्या, त्यांना लोक हसायचे. आणि 'तुमी' गेलं होतं. बाबांना, कंडक्टरला, ट्रक ड्रायव्हरला, सगळ्यांना तू. "तू चहा पिला?" असं तिनं एका पोलिसाला विचारलं तेव्हा बाकड्यावरची माणसं पोट धरून हसली. त्या दिवसापासून बाबांनी तिला आत बसवलं. कढई आतल्या चुलीवर आली, आणि ताटं मी बाहेर नेऊ लागले. माझी शाळा तेव्हाच सुटली. कुणी सोड म्हटलं नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशीही नाही.

तरी आतल्या आत आम्हाला त्याची सवय झाली. बाबा खिसे चाचपत विचारायचे, "कुसे, पेटवणी कुठं हाय?" आणि स्वतःच्याच तोंडचा शब्द ऐकून किंचित हसायचे. त्या वर्षांत बाबा हसले ते बहुतेक तेवढेच.

सुरेश बोलायला लागला तो या घरात. होळीला आत्या आली. तिच्यासमोर तो अंगणातून धावत आला आणि म्हणाला, "आत्या, मांजल मरली! बाबानी फेकून देली!" आत्याच्या हातातली पुरणपोळी हातातच राहिली. तिनं त्याला जवळ घेतलं, काही काही विचारलं. बाबा कुठं? येला. दूध कुणी दिला? आईनी देला. काय करत होतास? घल करला. आत्या उठून बाबांपाशी गेली. मी ग्लास पुसत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, पोराला लागला रे हा रोग."

"काय लागला?"

"वयनीचं बोलणं. ऐकलास नाय? मरली, देली. उद्या शाळेत गेला तर पोरं वेडीचा पोरगा म्हणतील. आता मोडला नाय तर जन्माचा बसेल हा त्याला."

बाबा स्टोव्हला पंप मारत राहिले. आत्या म्हणाली, "माझ्याकडं दे. आमच्याकडं चांगलं बोलणं ऐकेल, सुधरेल. दोन-चार महिने. नायतरी इथं त्याच्यामागं फिरायला कोण हाय?"

आत्याला मूल नव्हतं. तिचे यजमान पास काढून रोज कल्याणला कंपनीत जायचे, दिवसभर ती घरात एकटी. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि त्या दुपारी ते कुणी बोललं नाही. बाबा थोड्या वेळानं म्हणाले, "ने."

आईला कळत नाही असं लोकांना वाटायचं. तिला सगळं कळायचं. नुसतं सांगता यायचं नाही. आत्या सुरेशची कपड्यांची पिशवी भरत होती तेव्हा आई दारात उभी होती. तिनं मला विचारलं, "माझं बोलणं लागला त्याला?" ती आत्याकडे वळली आणि म्हणाली, "मी नाय बोलणार. बंद. मग देशील?" आत्या रडायला लागली, पण पिशवी तिनं खाली ठेवली नाही. गाडी आली. सुरेश खिडकीतून हात हलवत होता, त्याला गाडीत बसायची मजा वाटत होती.

आईनं शब्द पाळला. ती खरोखरच बोलायची थांबली. मला हाक मारायची असली तर पातेल्यावर तळणी आपटायची. दोन-चार महिन्यांचं वर्ष झालं, आणखी एक पावसाळा गेला. आत्याचा निरोप यायचा, आता छान बोलतो, जरा पक्कं होऊ दे. आमच्या घरात स्टोव्हचा फुसफुसाट, बाहेर गाडीचे ब्रेक आणि आत भांड्याचा आवाज. मला त्या काळातलं एकही संभाषण आठवत नाही. सकाळी उठायचं, राबायचं, जेवायचं, झोपायचं. मी वयानं पोरगीच होते, पण तेव्हा जेवढी थकले होते तेवढी आजही थकत नाही.

मग एकदा कापणी उरकल्यावरची गोष्ट. घाटाकडच्या गाडीचं चाक बसलं आणि उतारू आमच्याकडे अडकले. वैशाखऱ्याची एक बाई होती, अंगावर चांगलं लुगडं, बोलायला चटपटीत. सोबत तिची तीनेक वर्षांची मुलगी. मी बशीत चहा दिला तो पोरीनं फुंकून फुंकून संपवला आणि आपल्या आईला रिकामी बशी दाखवून म्हणाली, "सगला पिला! हिनी देला, मी पिला!" मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "आमची शेली मलली."

मी किटली बाकड्यावर ठेवली. मी त्या बाईला विचारलं, "ही अशी का बोलते?"

"कशी?"

"मरली म्हणते. देला म्हणते."

बाई हसली. "पोरं असंच बोलतात गो! शिकेल आपोआप. तू पण अशीच बोलली असशील, विचार तुझ्या आईला."

मी तिथेच उभी राहिले. आतमध्ये आई कांदा चिरत होती, विळीचा आवाज येत होता. त्यानंतरचे काही दिवस मी वेड्यासारखी गावातल्या पोरांच्या मागे फिरले. बोअरिंगवर, देवळाच्या ओट्यावर, खळ्यात. कुणाची आई बोलणारी, कुणाची अबोल, कुणाची माहेरची बोली वेगळी. पोरं सगळी तीच. करला, येला, मरली. कुणी कुणाकडून शिकलं नव्हतं. कुणाच्या आईला ताप आला नव्हता.

पुढे मी अंगणवाडीत लागले आणि आयुष्यभर तीन-चार वर्षांच्या पोरांमध्ये राहिले. एकदा मुरबाडला आमच्या प्रशिक्षणाला एक बाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, बस-बसला, हस-हसला, आणि मग कर लिहून पुढची जागा मोकळी सोडली. म्हणाल्या, मूल नुसतं ऐकलेलं परत म्हणत नाही, ते ऐकलेल्याचा साचा काढतं आणि त्यात पुढचा शब्द ओततं. याला सादृश्य म्हणतात. मोठी माणसंही तेच करतात, फक्त सावकाश, पिढ्यान्‌पिढ्या. आज आपण शुद्ध म्हणून जे शब्द मिरवतो त्यातलेही काही कधीकाळी कुणाच्या तरी तोंडून असेच चुकून पडलेले असतात. सगळ्यांनी उचलला तर तो भाषेचा, नाही उचलला तर ती चूक. सगळ्याजणी लिहून घेत होत्या. मी मागे बसले होते. मला रडू आलं नाही, राग आला नाही. फक्त एवढी साधी गोष्ट आमच्या घरापर्यंत यायला किती वेळ लागला, असं वाटत राहिलं. आज कल्याणला माझी नातवंडं 'मी पिलो' म्हणतात, त्यांचे मित्र सर्रास 'तू करली का' म्हणतात, आणि त्यांना कुणी कुठे पाठवून देत नाही.

पण तेव्हा मला सादृश्य माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की सुरेशला काही लागलेलं नाही. मी बाबांकडे गेले. गिऱ्हाईक नव्हतं, ते स्टोव्हला पिन मारत होते.

"बाबा, सगळीच पोरं असं बोलतात. आईमुळं नाय ते. मी ऐकून आले."

"हां," बाबा म्हणाले.

"हां काय? सुरेशला आणू या."

बाबांनी पिन खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू पण बोलायचीस. पांढरी कोंबडी मरली म्हणून किती रडली होतीस. मला ठाऊक हाय."

"ठाऊक व्हता? मग त्याला का दिला?"

त्यांनी पिन परत उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "तुझी आय अशी झालेली. तुझी शाळा गेली. शेत हाय, हॉटेल हाय. पोरगा चुलीपाशी जायचा, रस्त्यावर जायचा. ताराला मूल नाय. तिनं कारण काढला, मी ने बोललो. दमलो व्हतो गो कुसे. तो गेला त्या दिवशी मी पहिल्यांदा झोपलो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यांच्या आवाजातला शीण मला ओळखीचा होता. माझ्याही अंगात तोच भरलेला होता. पण आत एक बाई आपल्या बोलण्यानं मूल बिघडलं असं समजून जीभ दाबून बसली होती, आणि हे माहीत असून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आत गेले. आईचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "आई, त्याला तुझं काय लागलं नव्हतं. सगळी पोरं असंच बोलतात. मी पण बोलायचे." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मग तिनं हात सोडवून घेतले, पेटीतलं चांगलं लुगडं काढलं आणि नेसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. बाबांनी अडवलं नाही आणि सोबतही आले नाहीत. सरळगावला गाडी बदलली, किन्हवलीवरून शहापूर, तिथून जीपनं आसनगाव. आईच्या मांडीवर गाठोडं होतं, नव्या तांदळाचं पीठ आणि सोललेले वाल. घरात कोंडल्यापासून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. सबंध वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

आत्याची दोन खोल्यांची जागा स्टेशनामागे होती. भिंतीला निळा रंग, फळीवर घासून लख्ख केलेली भांडी. आगगाडी गेली की ती किणकिणायची. सुरेश उंबऱ्यावर पाटी घेऊन बसला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, गाल भरलेले. आई त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दोनवा," ती म्हणाली. दीड वर्षानं मी तिचा आवाज ऐकला. घोगरा झाला होता.

सुरेशनं आत बघून विचारलं, "आई, ही कोण?"

आत्या दारात आली. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला. "ही मुरबाडची आई हाय," ती हळूच म्हणाली. "पाया पड."

तो पाया पडला. आई त्याला म्हणाली, "मी येली. गाडीत बसली आणि येली."

सुरेश खुदकन हसला. "येली नाय काय! आली."

"आली," आई म्हणाली.

"परत म्हण."

"आली."

"शाब्बास," तो म्हणाला, अगदी आत्याच्या सुरात. एवढं मोठं माणूस आपल्यापेक्षा कच्चं आहे याचं त्याला नवल वाटलं असावं. तो जवळ सरकला. आईनं त्याला विचारलं, पाटीवर काय करला. करला नाय, केला. दूध कुणी देला. देला नाय, दिला. दर चुकीला तो थोडा थोडा पुढे यायचा, आणि असा चुका सुधारत सुधारत तो तिच्या मांडीवर येऊन बसला. आई त्याच्या केसांवरून हात फिरवत होती. ती मुद्दाम चुकत नव्हती. तिला तसंच येत होतं. पण मला वाटतं, तो जवळ येतोय हे कळल्यावर ती जास्त बोलायला लागली.

आत्या स्टोव्हपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही. ती तशीच म्हणाली, "वयनी, मी त्याला चांगला ठेवलाय. काय कमी नाय केला."

"चांगला ठेवला," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण मी मरली नाय गो."

"मरली नाय, मेली," सुरेश म्हणाला. "मेली म्हण."

आत्या भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. सुरेश घाबरून तिच्याकडे धावला, "आई, आई" करत. आईची मांडी रिकामी झाली. तिचे हात काही वेळ तसेच हवेत राहिले, मग तिनं ते गाठोड्यावर ठेवले.

आम्ही त्याला आणलं नाही. कुणी भांडलं नाही. दुपारी वालाची उसळ आणि भाकरी चौघांनी एकत्र खाल्ली. आत्या म्हणाली, त्याला इथल्या शाळेत घालायचं ठरलंय, सुट्टीत पाठवीन, वयनी, तू कधी पण ये, घर तुझं हाय. आई मान हलवत होती. सुरेश तिथेच वाढला, कल्याणला नोकरी केली, आता निवृत्त आहे. चांगला माणूस आहे. आईला तो शेवटपर्यंत मुरबाडची आई म्हणत होता. आई एकटी एसटीनं त्याच्याकडे जायला लागली. गावांची नावं विसरायची ती, पण आसनगाव एवढं एक नाव तिनं धरून ठेवलं होतं, कंडक्टरला तेवढंच सांगायची. गेली की तो तिचं बोलणं सुधारायचा. मोठा झाल्यावर त्याला त्याची लाज वाटायला लागली आणि त्यानं सुधारणं सोडलं. मग त्यांच्यात बोलायला फारसं काही उरलं नाही. मी जिंकले असं मला कधीच वाटलं नाही. आत्याही जिंकली नाही. तो परत मागितला जाईल या भीतीत तिची कितीतरी वर्षं गेली.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मात्र आई बोलत होती. मोठ्यानं, सगळी गाडी ऐकेल असं. त्याचे दात बघला काय, तो पाटीवर लिहायला शिकला, त्याचा शर्ट कसा पांढरा. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

टोकावड्याला उतरलो तेव्हा उजेड होता. बाबा हॉटेलच्या पुढे उभे होते. गाडीतून कोण कोण उतरतं ते ते बघत होते, आणि आम्ही दोघीच उतरलो तेव्हा त्यांनी मान खाली घातली. आई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तू देला," ती म्हणाली. "मी नाय देला."

बाबा जाऊन बाकड्यावर गिऱ्हाईकांच्या जागी बसले, गुडघ्यांवर कोपरं टेकून. गाडीतली माणसं छपराखाली आली. कुणी चहा मागितला, कुणी भजी आहेत का विचारलं. बाबा उठले नाहीत. मी पिशवी खाली ठेवून पुढे होणार, तोच आईनं लुगड्याचा पदर खोचला, स्टोव्हपाशी गेली आणि वळून त्या सगळ्यांना विचारलं, "तू किती चहा पिणार?"

कुणीतरी हसलं. तिनं पंप मारला आणि जास्त मोठ्यानं परत विचारलं.